पाच इटालियन रायफली, दोन तारे: आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. तो सगळ्यांना दिसतोय, म्हणून उत्तरही इथेच देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान काढतात त्या विक्रीत) घेतलेल्या पाच इटालियन रायफली तुम्ही आमच्याकडे ओळख पटवून कॅटलॉग करायला दिल्यात. विकणाऱ्याने पाचही ‘१८९१ च्या, अँटिक’ म्हणून दिल्या होत्या. आम्ही त्यातल्या दोनच अँटिक ठरवल्या, ‘माउझर’ (जर्मन रायफल) म्हणून दिलेल्या एकीला जपानी करून टाकलं, एकीचं मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) फुटलंय हे लिहिलंच नाही, अध्यक्ष केनेडींची हत्या आणि इरिट्रियातली केरेनची लढाई यांबद्दलची वाक्यं गाळली, रायफली चालवून बघितल्या नाहीत, किंमत सांगितली नाही, आणि वेळही लावला. ‘फी पूर्ण, कागद अर्धा’ हे तुमचे शब्द.

आधी सालाचं बघू. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र. आराखडा कधीचा आहे हे तिथे कुणी विचारत नाही. इटलीने १८९१ मध्ये पसंत केलेली कार्कानो रायफल दुसऱ्या महायुद्धापर्यंत बनत राहिली. २००५ साली शोरूममधून काढलेल्या बुलेटला आपण १९५५ ची म्हणतो का? तुमच्या दोन लांब रायफलींपैकी एकीच्या बॅरलवर तोर्रे अन्नुंझियाताचा ठसा आणि १८९६ हे साल आहे. नेपल्सजवळच्या सरकारी कारखान्यातली ती. अँटिक आहे, आणि तसं स्वच्छ छापलंय. दुसरी दिसायला तिची जुळी, पण ठसा तेर्नी या दुसऱ्या इटालियन कारखान्याचा आणि साल १९१७. दस्त्याचं लाकूड कितीही काळवंडलेलं असलं तरी ते साल मागे सरकत नाही.

साल नुसत्या नंबरवरून काढता आलं असतं, असं तुमच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितल्याचं लिहिलंय. कार्कानोच्या बाबतीत ते जमत नाही. प्रत्येक कारखान्याचे नंबर वेगळे चालायचे, एक मालिका संपली की पुढे नवं अक्षर लावून पुन्हा सुरुवात. कारखाना, अक्षर, नंबर आणि बॅरलवरचं साल ही चारही एकत्र वाचावी लागतात. आमच्या नोंदीत चार वेगळे रकाने आहेत ते त्यासाठी.

दुसरी अँटिक म्हणजे तुम्ही ज्या जाडजूड रायफलीला ‘त्यातल्या त्यात भंगार’ म्हणालात ती. खरं तर पाचांत मला सर्वांत आवडलेली तीच. मूळची १८७० मॉडेलची व्हेटर्ली, स्विस आराखड्याची, एका वेळी एकच गोळी भरायची, कॅलिबर (नळीचं आतलं माप) १०.३५ मिलिमीटर. १८८७ मध्ये तोफखान्यातल्या विताली नावाच्या अधिकाऱ्याच्या पद्धतीने असल्या रायफलींना चार गोळ्यांचं मॅगझिन बसवलं. पुढे पहिल्या महायुद्धात रायफली कमी पडल्या, तेव्हा जुन्या व्हेटर्ली पुन्हा बाहेर काढल्या, बॅरल आतून कोरून त्यात ६.५ मिलिमीटरची नवी नळी बसवली आणि कार्कानोच्या क्लिपचं मॅगझिन लावलं. तुमची रायफल या तिन्ही अवस्थांतून गेलेली आहे. बाहेरचं बॅरल जुनंच राहिल्यामुळे त्यावर ब्रेशा हे कारखान्याचं गाव आणि १८८२ अजून वाचता येतं. एकाच हत्यारात इटालियन सैन्याची पंचेचाळीस वर्षांची ओढाताण दिसते, आणि तुम्ही तीच फुकट द्यायला निघालात!

मात्र ‘चालवून का बघितली नाही’ हा प्रश्न तिच्या बाबतीत तरी कृपा करून विचारू नका. तिचा बोल्ट, म्हणजे गोळीच्या मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, जुन्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेला आहे. ६.५ च्या काडतुसाचा दाब त्याहून कितीतरी जास्त. युद्धात नाइलाजाने केलेली ती सोय होती. कॅटलॉगमध्ये लाल अक्षरात ‘फक्त प्रदर्शनासाठी’ लिहिलंय ते पुसायला मी तयार नाही.

आता फुटलेलं मॅगझिन. तळाला भोक आहे हे खरं, पण ते कारखान्यातूनच तसं येतं. कार्कानोत सहा गोळ्या पत्र्याच्या क्लिपसकट वरून आत ढकलतात. शेवटची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, गोळी बसते त्या जागी) गेली की रिकामी क्लिप त्या भोकातून खाली पडते. भोक बुजवलेलं असतं तर दोष म्हणून नक्की नोंदवलं असतं.

‘माउझर’कडे येतो. हिच्या मॅगझिनला तळाला भोक नाही, आत क्लिपशिवाय पाच गोळ्या बसतात, म्हणून विकणाऱ्याला माउझर वाटली असणार. पण रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाचा, मागचा पूल मधून चिरलेला आहे आणि बोल्टचा दांडा त्याच्या पुढे खाली बसतो. बोल्टच्या मागे फिरवायची सेफ्टी आहे. हे सगळं कार्कानोचं. दस्त्याचा मागचा भाग मात्र दोन तुकडे जोडून केलेला, जपानी अरिसाका रायफलीसारखा, आणि चेंबर जपानी ६.५ काडतुसाचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जपानने इटलीत बनवून घेतलेली ही टाइप आय रायफल (‘आय’ म्हणजे इटली). जपानी फौजी रायफलींवर असतं ते शेवंतीचं शाही चिन्ह हिच्यावर नसतंच, ते घासून काढलेलं नाही. नावावरून इटालियन समजून कुणी तिच्यात इटालियन ६.५ भरायला गेलं तर अपघात होऊ शकतो. त्यामुळे ‘जपानी करून टाकली’ हा शब्दप्रयोग मला जरा जड गेला.

केनेडींचा उल्लेख तुम्ही स्वतः काढलात, म्हणून सांगतो. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये त्यांची हत्या झाल्यावर एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर जी रायफल सापडली, तिला पहिल्या दिवशी ‘७.६५ माउझर’ म्हटलं गेलं होतं. प्रत्यक्षात तिच्यावर तेर्नी, १९४० आणि ‘कॅलिबर ६.५’ असं कोरलेलं होतं. नंबर सी २७६६. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तुमची आखूड रायफल मॉडेल ३८, पण कॅलिबर ७.३५. दिसण्यात सारखेपणा आहे, पण ‘केनेडी रायफल’ असं शीर्षक आम्ही तिला देणार नाही.

तिच्याच बाबतीत केरेनचा आग्रह होता. विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं की ही १९४१ मध्ये इरिट्रियात आपल्या मराठा पलटणीने इटालियनांकडून जिंकलेली. वाक्य वाचून माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या बटालियनने मार्च १९४१ मध्ये केरेनजवळचा पिनॅकल सुळका घेतला हा इतिहास आहे, आणि समोरच्या सैन्याच्या हातात कार्कानोच होत्या. पण तुमच्या रायफलीवर १९३९, सोबत फॅसिस्ट राजवटीचं सतरावं वर्ष रोमन आकड्यांत, आणि चौकटीत ‘एस ए’ असा ठसा आहे. तो फिनलंडच्या सैन्याचा. रशियाशी झालेल्या हिवाळी युद्धाच्या वेळी फिनलंडने इटलीकडून ७.३५ च्या सुमारे ९४,५०० रायफली घेतल्या, त्यातली ही. युद्धानंतर असल्या रायफली तिथून अमेरिकेच्या बाजारात आल्या. म्हणजे केरेनची लढाई चालू होती तेव्हा ही आफ्रिकेपासून फार लांब, उत्तरेच्या थंडीत होती. शिवाय इटलीने लगेच १९४० मध्ये ७.३५ चा नाद सोडून पुन्हा ६.५ धरलं. क्लिप दोन्हींना एकच चालते, त्यामुळे चुकीच्या गोळ्या सहज आत बसतात. चेंबरचं माप ठळक छापलंय ते म्हणून.

किंमत सांगितली नाही ही तक्रार बरोबर आहे, आम्ही ती सांगत नाही. कामाच्या पावतीवर हे आधीच असतं. वेळ लागला तो बोल्ट सुटे करून, दस्ते उतरवून लपलेले ठसे वाचण्यात.

शेवटी कामाचं. १९१७ ची लांब रायफल, मॉडेल ३८ आणि टाइप आय या तिन्ही कायद्याने अँटिक नसल्या तरी ५० वर्षांहून जुन्या आहेत, त्यामुळे संग्राहकाचा फेडरल परवाना असलेल्याला त्या विकता येतील. टेक्सासमधल्या ज्या चुलतभावाला तुम्हाला रायफली पाठवायच्या आहेत त्याच्याकडे असा परवाना नसेल, तर या तिन्ही थेट कुरिअरने पाठवता येणार नाहीत. त्याच्या गावच्या परवानाधारक डीलरमार्फतच जातील. तुमच्या जाहिरातीत पाचही रायफलींना ‘अँटिक, घरपोच’ लिहिलंय ते आधी बदला. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही बघून घ्या. पाचही रायफली पुसून, तेल लावून ठेवल्या आहेत. शनिवारी दुपारपर्यंत दुकान उघडं असतं. येताना पावती आणि ओळखपत्र घेऊन या. मॉडेल ३८ चा ‘एस ए’ ठसा भिंगाखाली तुमच्या डोळ्यांनी दाखवतो.