‘दोन वर्षं वाचतात’ हे वाक्य मागे घेतो

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर लिहिलं नाही ते बरं झालं, तिरसटपणे लिहिलं असतं. अमेरिकेतल्या अर्ली कॉलेजचे, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करू देणाऱ्या शाळांचे, मी लेखात गोडवे गायले, त्यांनी कॉलेजची ‘दोन वर्षं वाचतात’ असंही लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही हुशार मुलांच्या आईबापांची हौस आहे आणि तिच्यापायी पोरांचं बालपण जातं.

हौशीचं मला पटत नाही. १९६६मध्ये सुरू झालेलं सायमन्स रॉक हे अर्ली कॉलेज वयाच्या पुढे धावणाऱ्या मुलांसाठी होतं, कबूल. पण १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात मिडल कॉलेज हायस्कूल निघालं, ते शाळा अर्धवट सोडायच्या बेतात असलेल्या मुलांसाठी. २००२पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशावर ज्या शाळा वाढल्या, त्यांचा रोखही घरात कुणीच कॉलेजची पायरी न चढलेल्यांवर होता. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्चने २०१३मध्ये या शाळांच्या प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागलेल्या आणि हुकलेल्या मुलांची तुलना केली. तोवर कॉलेजची पदवी हातात पडलेले नंबर लागलेल्यांत २२ टक्के, हुकलेल्यांत २ टक्के. बहुतेकांची पदवी दोन वर्षांची, ‘असोसिएट’ म्हणतात ती. निवडच लॉटरीने, त्यामुळे ‘ती मुळातच हुशार होती’ म्हणायला जागा उरत नाही.

बालपणाचं म्हणाल तर अशाच शाळेत शिकलेल्या माझ्या पुतणीच्या मैत्रिणी त्याच राहिल्या, वर्ग तेवढे बदलले.

खरा फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. शाळेतच तिचे ६० क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या दोन वर्षांच्या अभ्यासाइतके, झाले होते. विद्यापीठाने त्यांचा हिशोब पाठवला, तो कागद आम्ही दोघांनी पेन्सिल घेऊन वाचला. निम्म्याच्या आसपास क्रेडिट ‘इलेक्टिव्ह’च्या रकान्यात. म्हणजे मिळाले, पण जीवशास्त्राच्या पदवीला उपयोग शून्य. दोन वर्षं वाचणार होती, एक सेमिस्टर वाचलं. बरं, फुकट शिकली, हे विसरून चालणार नाही.

आणि पंधराव्या वर्षी केमिस्ट्रीत पडलेला सी ग्रेड! शाळेतला असता तर कुणी ढुंकून पाहिला नसता. हा कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर आहे. मेडिकलच्या अर्जात शाळेत असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सचे ग्रेडही द्यावे लागतात आणि ते जीपीएत, म्हणजे सरासरी ग्रेडमध्ये, धरले जातात. हे आम्हाला नाव नोंदवताना कुणी सांगितलं नाही, आणि मीही लेखात लिहिलं नाही. ही चूक माझी.

लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय. त्याजागी लिहिलंय: कोर्स घेण्याआधी पुढच्या विद्यापीठाला ईमेल करून विचारा, हा कोर्स नेमक्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार. उत्तर लेखी घ्या.