होतकरू भाईंसाठी सद्गुणसंवर्धन

संघटित गुन्हेगारीसाठी अंगी क्रौर्य लागते, हा गैरसमज आधी मनातून काढून टाका. क्रौर्य रोजंदारीवर मिळते. आपण स्वतः जोपासायचे ते विनय, मितभाषण आणि कुटुंबवत्सलता, म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहताना आपण विचारतो तेच गुण.

विनयाचा आदर्श चेंबूरच्या टिळकनगरात सापडेल. सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकणाऱ्या राजेंद्र निकाळजे यांनी १९८३ मध्ये बडा राजन मारला गेल्यावर टोळी हाती घेतली, पण मोठेपणा काही घेतला नाही. २०१५ मध्ये बालीत अटक झाली तेव्हा पन्नाशी उलटूनही ते ‘छोटा’ राजनच होते.

मग नाते जोडा. परक्याने पैसे मागितले तर ती लूट ठरते आणि घरच्याने मागितले तर वर्गणी, म्हणून या धंद्यात आडनाव चालत नाही. भाई, अण्णा किंवा नाना व्हावे लागते. भायखळ्याच्या दगडी चाळीतल्या अरुण गवळींनी तर थेट ‘डॅडी’पर्यंत मजल मारली. पांढरी टोपी, नवरात्रोत्सव आणि २००४ मध्ये आमदारकी असा त्यांचा सात्त्विक आलेख असून, शिवसेनेच्या नगरसेवकाच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये जन्मठेप झाल्यावरही त्यांनी नागपूरच्या तुरुंगात गांधीविचारांची परीक्षा दिली आणि ८० पैकी ७४ गुण मिळवले. (अहिंसेवरचे उत्तर वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते.)

बोलणे सौम्य असावे. पिस्तुलाला घोडा, लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणावे. बिल्डरला धमकी न देता त्याच्या मुलाची शाळा किती वाजता सुटते, एवढेच आत्मीयतेने विचारावे. फार बोलणे तसेही अंगाशी येते, कारण १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षकापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा ठरतो. याच कायद्याला टोळी म्हणून किमान दोन माणसे आणि मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे लागतात; एकलकोंड्या किंवा धरसोड वृत्तीच्या उमेदवारांनी दुसरे क्षेत्र पाहावे.

निष्ठा हा गुण मात्र पंटरांकडे सोपवावा. गोळी झाडणारा पोरगा पकडला गेला, की त्याचा चेहरासुद्धा आठवू नये. त्याच्या आईकडे दिवाळीला मिठाईचा पुडा तेवढा जावा. तो कोणी पाठवला, हे तिला सांगावे लागत नाही.