‘जाड ऑइल टाकलं की झालं’ : घाटवाला यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घाटवाला, नमस्कार.

रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० या मोटारसायकलच्या सस्पेन्शनवरच्या (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअपवरच्या) माझ्या लेखाखाली आपण मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा बदलणं आणि एम्युलेटर (तेलाची वाट आवरणारी वेगळी झडप) बसवणं हा पैसेवाल्यांचा शौक आहे, आधी टायरची हवा आणि हँडलचं बेअरिंग बघावं, रोज कात्रजहून हिंजवडीला जाणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही, वॉरंटीचं काय ते मी लिहिलेलं नाही, मागचे शॉक पाच नंबरवर (सर्वात कडक खाचेवर) टाकले की बास. आणि मधोमध हे वाक्य, जसंच्या तसं: “जाड ऑइल टाकलं की झालं, आमचे मेकॅनिक तीस वर्षं तेच करतायत, उगाच लोकांना पुस्तकी ज्ञान पाजून पार्टवाल्यांची दलाली करू नका.”

‘दलाली’ हा शब्द आपण विचार करून वापरलात का? त्या लेखात स्प्रिंग बनवणाऱ्या एकाही कंपनीचं नाव नाही, दुकानाचा पत्ता नाही. लेखाचा निम्मा भाग टेप घेऊन सॅग (आपण बसल्यावर गाडी किती मिमी खाली बसते ते) मोजण्यावर आहे आणि टेप घरोघरी असते. चूक दिसली तर सांगा असं मीच लेखाच्या शेवटी म्हटलं होतं. पण समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवायचं आणि खुद्द मुद्दा सात-आठ शब्दांत उरकायचा, ही पद्धत मला पटत नाही. एकोणीस वर्षं मी पुढचे शॉकअप स्वतःच्या हाताने उघडतोय, दुसऱ्यांनी जाड ऑइल भरलेलेही त्यात आले. ‘पुस्तकी’ म्हणण्याआधी निदान एवढं विचारायचं होतंत.

एक चूक मात्र माझी, आणि ती मान्य करतो. ऑइलची पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर काढलेली आणि शॉकअप पूर्ण दाबलेला असावा, हे लेखात लिहायचं राहिलं. स्प्रिंग आत ठेवून मोजलं तर आकडा चुकतो, कारण स्प्रिंगचं लोखंडही जागा खातं. आपण ते दाखवलंत, मी लेखात दुरुस्ती केली. विषय संपला.

आता ते वाक्य.

पुढचा शॉकअप दोन वेगळी कामं करतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि गाडी किती खाली जाणार ते ठरवते. तेल फक्त ती किती वेगाने जाणार ते ठरवतं. गाडी मुळातच जास्त बसत असेल, ब्रेकला पुढून पार खाली जात असेल, तर तो आजार स्प्रिंगचा आहे. तुम्ही तेल जाड केलंत तर गाडी तेवढीच खाली जाईल, फक्त थोडी उशिरा. ताम्हिणीच्या उतारावर लांब ब्रेक धरून वळणात शिरताना तेवढा वेळ पुरेपूर मिळतो. पार्किंगमध्ये हँडल दाबून ‘आता टाइट झाली’ म्हणणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून त्याला फरक पडल्यासारखा वाटतो.

आकड्यांत बघू. हिशोबासाठी धरलेले आकडे आहेत, हवेचा दाब तूर्त बाजूला ठेवलाय. समजा पुढच्या दोन स्प्रिंगांवर मिळून १०० किलो भार येतो, प्रत्येक स्प्रिंग ०.८ किलो प्रति मिमी, म्हणजे दोन्ही मिळून १.६, आणि प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच जेवढी दाबून ठेवतात ते) २० मिमी. स्प्रिंग एकूण ६२.५ मिमी दबते, त्यातले २० आधीच दाबलेले, म्हणजे सॅग ४२.५ मिमी. इंटरसेप्टरच्या पुढच्या शॉकअपचा पल्ला ११० मिमी आहे. त्यातला एक तृतीयांशहून बराच जास्त भाग तुम्ही नुसते सीटवर बसलात तेव्हाच संपला. ब्रेक लावला, पुढे ६० किलो भार वाढला, की आणखी ३७.५ मिमी. झाले ८०. खाली उरले ३०, आणि नेमका तिथेच खड्डा.

आता तीच गाडी, स्प्रिंग ०.९५ ची, प्रीलोड तोच. सॅग जेमतेम ३३ मिमी, ब्रेकला आणखी ३२ च्या आत. एकूण ६४ च्या आसपास. खड्ड्यासाठी तुमच्या हातात ४६ मिमी राहिले. हा फरक कुठलंही तेल देऊ शकत नाही, तीस वर्षं भरत राहिलात तरी.

‘मग जुन्याच स्प्रिंगवर जास्त वॉशर टाकून प्रीलोड वाढवू’ असं काही जण म्हणतील. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीची जागा वर येते. वरच्या उदाहरणात प्रीलोड ३० केला तर सॅग ३२.५ होतो, छान दिसतो, पण ब्रेकला परत तेच ३७.५. शिवाय गाडी वर येताना शॉकअप टोकाला जाऊन टक टक आपटायला लागतो.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि तिच्यावर आपल्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. ह्या गाडीचा पुढचा शॉकअप डॅम्पिंग रॉडचा आहे (डॅम्पिंग म्हणजे तेलाच्या विरोधाने हालचाल आवरणं). आत एक पोकळ दांडी, तिला खालच्या बाजूला ठराविक मापाची भोकं. चाक वर आलं की तेल त्या भोकांतून पिळून जातं. भोक ठराविक मापाचं असल्यामुळे चाकाचा वेग दुप्पट झाला की तेलाचा विरोध साधारण चौपट होतो. ब्रेक लावताना गाडी हळू बसते, तेव्हा हे भोक मोठं पडतं. काँक्रीट रस्त्याच्या सांध्यावर किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक झटक्यात वर येतं, तेव्हा तेच भोक लहान पडतं, तेल जायला वाट मिळत नाही आणि धक्का थेट मनगटात येतो. तेल जाड करून तुम्ही पहिल्या ठिकाणी थोडं कमावता आणि दुसऱ्या ठिकाणी बरंच गमावता.

परत येतानाचं गणित आणखी वाईट. स्प्रिंग शॉकअपला वर ढकलते तेव्हा तेल एका बारीक भोकातून आणि फटींतून जातं, आणि तिथे जाडपणा पुरेपूर जाणवतो. पाठोपाठ तीन-चार खड्डे आले, रम्बलर आले, की शॉकअप पहिल्यातून वर येण्याआधी दुसरा बसतो. दर खड्ड्याला तो थोडा थोडा खालीच राहतो. चौथ्या खड्ड्याला तुमच्याकडे ११० मिमी नसतात, ५० असतात. मग मालक म्हणतो गाडी कडक झाली, आणि मेकॅनिक म्हणतो ऑइलच जाड आहे, चांगलं आहे.

‘जाड ऑइल’ म्हणजे नेमकं कुठलं, हेही आपण सांगितलं नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ कॅनमधलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल असा असतो. ४० अंश तापमानाला १० डब्ल्यूचं फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपसाठीचं तेल) साधारण ३० ते ३७ सेंटिस्टोक (तेलाचा जाडपणा मोजायचं एकक) भरतं. २०डब्ल्यू-४० त्याच तापमानाला शंभराच्या वर, म्हणजे तिपटीपेक्षा जास्त. शिवाय इंजिन ऑइल काजळी आणि मळ तरंगत ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, आणि शॉकअपला लागतं मिनिटाला शेकडो वेळा घुसळूनही फेस न धरणारं तेल. फेसाळलेल्या तेलात डॅम्पिंग उरत नाही. फोर्क ऑइलच्या बाटलीवरच्या १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू या आकड्यांवरही जाऊ नका. ते कंपनीगणिक बदलतात, एकाचं १० दुसऱ्याच्या साडेसातला भिडतं. बाटलीवर किंवा माहितीपत्रकात ४० अंशांचा सेंटिस्टोकचा आकडा असतो, तुलना त्याची करायची.

जाड तेलाला जागाच नाही असं मी म्हटलेलं नाही, आपण माझा लेख नीट वाचला असता तर ते दिसलं असतं. कडक स्प्रिंग जास्त जोराने परत येते, म्हणून स्प्रिंग बदलल्यावर तेल एक पायरी वर न्यायला हरकत नाही. एम्युलेटर बसवला तर दाबाचं डॅम्पिंग त्याच्या झडपेकडे जातं आणि तेलाचा जाडपणा मुख्यतः परतीसाठी निवडायचा असतो. पण त्यासाठी दांडीची खालची भोकं मोठी करावी लागतात: एकूण सहा भोकं, ८ मिमी ड्रिलने, वेगवेगळ्या उंचीवर, एका रेषेत न येतील अशी, आणि कडा घासून साफ. नाहीतर तेल झडपेपर्यंत पोचण्याआधी त्याच जुन्या भोकांत अडतं. वरचं परतीचं बारीक भोक तसंच ठेवायचं. एम्युलेटर दांडीच्या डोक्यावर, स्प्रिंगच्या खाली बसतो, तेवढी उंची वरच्या स्पेसरमधून (स्प्रिंगवर बसणाऱ्या नळीतून) कापायची. हे विसरलं की प्रीलोड आपोआप वाढतो, आणि मग ‘नवीन पार्ट टाकून गाडी बिघडली’ अशा तक्रारी येतात.

तेलाच्या पातळीबद्दल, कारण मेकॅनिक मंडळी ‘थोडं जास्तच टाकलंय’ असं कौतुकाने सांगतात. तेलाच्या वर जी हवा अडकते तीही एक स्प्रिंगच आहे, आणि ती शेवटच्या टप्प्यात झपाट्याने कडक होते. शॉकअप दाबलेला असताना हवेची पोकळी १४० मिमी असेल तर पूर्ण पल्ल्यात हवेचा दाब ढोबळ हिशोबाने पावणेदोन पटींच्या थोडा वर जातो. पोकळी ६० केली तर पावणेतीन पटींच्या वर. ४१ मिमीच्या पाइपात १० मिली तेल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर उंची. अंदाजाने ओतलेल्या ५० मिलींनी काय होतं याचा विचार करा. आधी शेवटच्या टप्प्यात दगडासारखा घट्टपणा येतो, मग ऑइल सील बाहेर. आणि एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, हे तर नेहमीचंच. मिलीचं माप भरण्यापुरतं ठीक आहे, खात्री पट्टीनेच करायची: शॉकअप दहा-पंधरा वेळा सावकाश वरखाली करून हवा काढायची, थोडा वेळ उभा ठेवायचा, मग मोजायचं. दोन्हीकडे सारखं.

आपल्या मेकॅनिकबद्दल माझ्या मनात अनादर नाही. तीस वर्षं हात काळे करणाऱ्या माणसाला मी कमी लेखणार नाही. पण ते तीस वर्षांत बहुतेक १२० ते १५० किलोच्या गाड्यांचे शॉकअप भरत आले असणार. इंटरसेप्टर पेट्रोलशिवाय २०० किलोच्या वर आहे. त्यावर माणूस, मागे दुसरा, शिवाय सामान. जुनी सवय जुन्या गाडीवर चालून गेली म्हणून ती इथे लागू होत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यात त्यांचा अपमान कुठे झाला?

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. टायरची हवा बघावी, बेअरिंग बघावं, कोण नाही म्हणतंय? लेख त्या विषयावर नव्हता. वॉरंटीची ज्याला काळजी आहे त्याने आपल्या सर्व्हिस सेंटरला विचारावं. कात्रज-हिंजवडीवाल्याला गरज आहे की नाही हे त्याचं त्याने ठरवावं, मी कुणाला सक्ती केलेली नाही. मागचा शॉक पाच नंबरवर टाकायचा मुद्दाही तसाच: एकट्याने चालवताना पाचव्या खाचेवर गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम बसते, ८८ मिमी पल्ल्यातला वर येण्याचा भागच उरत नाही, आणि खड्ड्यात चाक खाली जायच्या ऐवजी गाडी उडते. दोघं आणि सामान असेल तेव्हा पाच ठीक.

एक मात्र सांगतो, कारण आपल्यासारख्यांच्याच गाडीत ते बरेचदा सापडतं. चाक परत बसवल्यावर एक्सलचा पिंच बोल्ट (शॉकअपच्या खालच्या टोकाला एक्सल चिमटून धरणारा) लगेच आवळू नका. आधी एक्सल घट्ट, मग गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या रेषेत येतात, आणि मग पिंच बोल्ट. हे केलं नाही तर दोन्ही बाजूंचे शॉकअप एकमेकांशी तिरके राहतात, अडकत अडकत चालतात, आणि लोक ते अडकणं ‘जाड ऑइलची पकड’ समजून खूश होतात.

तपासायचंय? चाक हवेत असताना पाइपचा दिसणारा भाग मोजा, हा पहिला आकडा. मग हेल्मेट-जॅकेटसकट गाडीवर बसा, दोघांनी गाडी सरळ धरावी. पुढून दाबून हळू सोडायला सांगा आणि मोजा, हा दुसरा. मग उचलून हळू सोडायला सांगा आणि मोजा, हा तिसरा. दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी पहिल्यातून वजा केली की सॅग. ११० मिमीच्या पल्ल्याला तो ३० ते ३५ च्या मध्ये यायला हवा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात जो फरक येतो ते घर्षण. तो १० मिमीच्या पुढे असेल तर आधी एक्सल, बुश आणि सील बघा, तेलाचा विचार नंतर.

हे तिन्ही आकडे, आपलं वजन, कुठलं तेल आणि किती मिमी पोकळी, एवढं खाली लिहा. त्यावर मी ओळीओळीने उत्तर देईन. ‘दलाली’ हा शब्द मागे घेतलात तर आणखी बरं वाटेल.