‘म्हाताऱ्याला कमरेतलीच भूल मागा’ : या मेसेजचं काय करायचं?

लातूर, बीड, परभणीकडच्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा : ‘सत्तरीपुढच्या माणसाला पूर्ण भूल देऊ देऊ नका, कमरेतलीच मागा. हार्ट पेशंटला तर तीच सुरक्षित. रक्त पातळ करायच्या गोळ्या आठ दिवस आधी बंद करा. पण त्या सुईनं कंबर कायमची जाते.’ आधी मागा म्हणायचं, शेवटी तिचीच भीती घालायची!

पूर्ण भूल वाईटच? खुबा मोडलेल्या, पन्नाशीपुढच्या १६०० रुग्णांवरचा ‘रीगेन’ अभ्यास २०२१ साली आला. ६० दिवसांत मृत्यू किंवा चालणं बंद : कमरेतल्या भुलीत १८.५ टक्के, पूर्ण भुलीत १८.

हार्ट पेशंटचं वाक्य सगळ्यात घातक. कमरेतल्या औषधानं पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी पडतो. महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर हृदयाला ती घसरण भरून काढता येत नाही. म्हणून मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यात जादा आवाज, ऐकू आला की आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडप ठीक असली तरी डोस बेतानंच : ०.५ टक्के हेवी बुपिवाकेन (कमरेत द्यायचं भुलीचं औषध) तरण्याला ३ मिली लागतं, तिथं म्हाताऱ्याला १.५ ते २, जोडीला थोडं फेंटानिल हे वेदनाशामक. बीपी चढवायचं औषध सुई टोचण्याआधीच सिरिंजमध्ये भरलेलं हवं.

कमरेत सुई द्यायला मोडक्या खुब्याच्या माणसाला कुशीवर वळवायचं कसं? आधी सोनोग्राफीवर बघून जांघेत फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे खुब्याकडच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन : ०.२ टक्के रोपिवाकेन हे बधिर करायचं औषध ३० मिली, म्हणजे ६० मिलिग्रॅम. ४५ किलोच्या आजीची मर्यादा १३५ मिलिग्रॅम, त्यामुळे अडचण नाही. मग वीस-तीस मिनिटं थांबायचं. पाचव्या मिनिटाला वळवलं की आजी किंचाळते अन् ‘ब्लॉक लागलाच नाही’ असं ठरतं.

शुगरनं काळं पडलेलं पाऊल कापायचं असेल तर कंबरही नको, पूर्ण भूलही नको. गुडघ्यामागची सायटिक आणि मांडीतली सॅफेनस, या दोन नसा बधिर केल्या की बीपी हलत नाही. मांडीला टुर्निके (रक्त थांबवायचा आवळपट्टा) बांधणार असतील तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर ॲस्पिरिनमुळे कमरेतली भूल अडत नाही. क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळीला मात्र शेवटची गोळी आणि सुई यांत ५ ते ७ दिवसांचं अंतर लागतं, पण नवा स्टेंट असताना घरच्याघरी गोळी तोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आणि मोडका खुबा आठवडाभर ताटकळत ठेवायचा नसतो. तिथं पूर्ण भूलच बरी.

राहिली कंबर. सुईची जागा दोन-चार दिवस ठणकते, एवढंच. ऊसतोडीत झिजलेल्या मणक्याचं खापर मात्र त्या २५ नंबरच्या बारीक सुईवर फुटतं.