गोळी कडक नको, मापाची हवी

‘जुन्या बारीक बोअरच्या रायफलीसाठी गोळ्या घरी ओतायच्या असतील तर शिसं होईल तेवढं कडक घ्या. नळीवर जो आकडा कोरलाय त्याच मापाचा साचा घ्या. साच्यातून निघालेली गोळी गरम असतानाच पाण्यात टाका. आणि दोन साच्यांत निवड करायची झाली तर जड गोळीचा उचला.’

अमेरिकेत जुन्या विंचेस्टर आणि मार्लिन रायफली सांभाळणाऱ्या हौशी मंडळींत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नेमबाजांपैकी कुणी हा छंद धरला, की त्याच्याही पदरात पहिल्यांदा हेच पडतं. (भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या, कायद्यात बसणाऱ्या हौशीबद्दल.) यातला एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा कडकपणाचा, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता, म्हणजे धातू किती कडक हे सांगणारा आकडा, साधारण ५. वीस भाग शिशात एक भाग कथील घातलं की ती १० च्या आसपास जाते. छापखान्यात ओळीच्या ओळी ओतायला वापरायचे ते लायनोटाइप, म्हणजे ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील, २२ पर्यंत पोचतं. आता ३२-२० हे काडतूस घ्या. विंचेस्टरने ते १८८२ मध्ये आणलं, आणि त्याचा दाब आजही दर चौरस इंचाला सोळा हजार पौंडांच्या घरातच ठेवतात. ब्रिनेलच्या आकड्याला १४२२ ने गुणलं की त्या धातूला दबायला दर चौरस इंचाला किती पौंड दाब लागेल याचा ढोबळ अंदाज येतो. लायनोटाइपसाठी तो येतो एकतीस हजार. म्हणजे ३२-२० च्या दाबाने ही गोळी मुळात दबतच नाही. ती नळीपेक्षा जराशी बारीक असली तर बारीकच राहते, आणि तापलेला वायू तिच्या कडेने पुढे निसटताना तिचंच शिसं खरवडून नळीला फासतो. तेच वीसास एकचं मिश्रण चौदा हजारांच्या आसपास दबतं, तळाशी किंचित फुगतं आणि नळी बंद करतं.

‘पण मी लायनोटाइप वापरल्यावर शिसं चिकटायचं थांबलं, त्याचं काय?’ हा प्रश्न हमखास येतो. थांबलं असेलही. अँटिमनी जास्त असलेलं मिश्रण थंड होताना कमी आकसतं. त्यामुळे एकाच साच्यातून शुद्ध शिशाची गोळी बारीक निघते आणि लायनोटाइपची एखाद हजारांश इंचाने जाड. नळी बंद झाली ती या जाडीमुळे. शाबासकी मात्र कडकपणाला मिळाली. खात्री करायची असेल तर शिसं नळीत कुठे चिकटलंय ते बघा. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे असेल तर बहुधा गोळी बारीक आहे. नळीच्या तोंडापाशी असेल तर गोळीला लावलेलं वंगण वाटेतच संपलंय.

दुसरा मुद्दा, नळीवरचा आकडा. ते नाव आहे, माप नव्हे. ३२-२० मधला ३२ म्हणजे नावापुरता .३२ इंच व्यास आणि २० म्हणजे मूळच्या बंदुकीच्या काळ्या दारूचं ग्रेनमधलं वजन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). प्रत्यक्षात त्या नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांचा व्यास .३११-.३१२ इंच. ३२-४० चा मात्र .३२० च्या जवळपास. नावात तोच ३२ आहे म्हणून एकाचा साचा दुसऱ्याला घेतलात तर फसलात. ३८-५५ ची गंमत आणखी वेगळी: जुन्या नळ्यांत ते माप .३७५ पासून .३८० पर्यंत कुठेही सापडतं. त्यामुळे साचा मागवण्याआधी नळी मोजा. रायफल रिकामी आहे हे आधी पाहा. मग नळीत तेलाचा हात फिरवून, बोअरपेक्षा किंचित जाड असा मऊ शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी हातोडीने तोंडातून आत बसवा आणि पितळी सळईने हळूहळू ठोकत पार बाहेर काढा. त्याच्यावर उमटलेल्या सगळ्यात जाड भागावर मायक्रोमीटर लावा. आलेल्या आकड्यापेक्षा एक ते दोन हजारांश जाड गोळी हवी. लायमन या साचे बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या साच्यावरच्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे व्यास सांगतात, ३११००८ म्हणजे .३११, ही ३२-२० ची ११५ ग्रेनची जुनी ठरलेली गोळी. पण साच्याचं माप ठरावीक मिश्रधातू धरून दिलेलं असतं. तुम्ही मऊ मिश्रण ओतलंत तर गोळी त्याहून बारीक येणार, हे धरूनच साचा निवडायचा.

आता पाण्यात टाकण्याबद्दल. पाण्याने कडकपणा वाढतो तो अँटिमनी असलेल्या मिश्रणात, त्यातही आर्सेनिकचा अंश असेल तर चांगलाच. नुसत्या शिसं-कथिलावर पाण्याचा काही उपयोग नाही. शिवाय वितळलेल्या शिशाच्या भांड्याशेजारी पाण्याची बादली ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. पाण्याचा थेंब शिशाखाली गेला तर क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं अंगावर उडतं. ज्या कडकपणाची गरजच नाही, त्यासाठी हा धोका कशाला?

यापेक्षा गोळीच्या तळाकडे बघा. फ्रँकलिन मान या अमेरिकन डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडून पाहिल्या होत्या. नाक बिघडवलं तर फारसं बिघडत नव्हतं. तळ तिरका केला की नेम पार विस्कटत होता. म्हणून साच्यातून निघालेली गोळी उलटी धरायची. तळाची कडा धारदार आणि अखंड हवी. कडा गोलसर असली, किंवा साच्यावरची पट्टी फिरवताना तळाचा लचका निघाला असला, की गोळी परत भांड्यात. कडा गोलसर येत असेल तर साचा थंड आहे किंवा कथील कमी आहे. कल्हईवाला कथील का वापरतो ते आठवा: ते पसरतं, कोपऱ्यापर्यंत जातं. दोन टक्के पुरतं.

राहिला जड गोळीचा मुद्दा. नळीतल्या खाचांच्या पिळाला, जो गोळीला फिरवतो, वजनाशी देणंघेणं नाही, त्याला गोळीची लांबी कळते. इंग्लंडमधल्या वूलिचच्या ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये दिलेलं सूत्र आजही कामचलाऊ उत्तर देतं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले तिची लांबी (दोन्ही इंचांत), म्हणजे किती इंचात एक फेरा हवा ते. २५-२० च्या जुन्या विंचेस्टरमध्ये चौदा इंचात एक फेरा. त्या हिशेबाने गोळी साधारण पाऊण इंचाच्या आत हवी. २५-३५ चा व्यास तोच, .२५७, पण तिथे फेरा आठ इंचात, म्हणून तिथली ११७ ग्रेनची लांब गोळी चालते. तीच २५-२० मधून झाडलीत तर ती हवेत डुलते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर दिसते.

आणि जड-हलक्याच्या वादात नाकाचा आकार कुणी सांगतच नाही. १८७३ आणि १८९२ च्या विंचेस्टरमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, टेकलेलं असतं. तिथे टोकदार गोळीचा साचा कितीही सुबक असला तरी घ्यायचा नाही. सपाट नाकाचाच हवा, आणि गोळीला काडतुसाची कडा दाबून बसवायची खाचही हवी, नाहीतर स्प्रिंगच्या रेट्याने गोळी काडतुसात आत सरकते आणि दाब भलताच वाढतो. टोकदार नाकाची हौस एकेरी काडतुसाच्या रायफलीत भागवा.