लंडन बिघडलं, असं कसं म्हणावं?

लंडनहून परत आलात आणि 'ते आता पूर्वीचं लंडन राहिलं नाही हो' म्हणाला नाहीत, तर तिकिटाचे पैसे पाण्यात गेले समजा. आपण पूर्वीचं लंडन बघितलंच नव्हतं, ही अडचण मनावर घेऊ नका. चार वर्षांपूर्वी तिकडे गेलेला भाचा असतोच. उसासा त्याच्याकडून तयार मिळतो. 'मामा, फार बाहेरचे भरलेत इथे.' तेव्हा त्याच्याकडे टक लावून बघू नये. तो बाहेरचा नाही, आयटीतला आहे. नालासोपाऱ्याला लोंबकळत आत शिरलेला गडी वसईला दार अडवून 'जागा नाही' म्हणून ओरडतो, तेव्हा आपण काही बोलतो का?

पूर्व लंडनमधल्या बंगाली वस्तीत व्हाइटचॅपल स्टेशन आहे, तिथे बंगालीत पाटी आहे. २०२२ मध्ये लागली, पुढे एका खासदारांनाही खुपली. तिच्यासमोर उभं राहून मान हलवावी आणि फोटो ग्रुपवर टाकावा. त्याच ग्रुपवर काल आपण 'दुकानावर मराठी पाटी नाही म्हणजे काय?' असं खडसावलं होतं, तो मेसेज फार तर डिलीट करावा.

तिथून जवळच्या ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर जाल. कोपऱ्यावरच्या मशिदीचा फोटो जरूर काढा, पण भिंतीवरच्या सूर्यघड्याळाकडे बघू नका. त्यावर १७४३ साल आहे आणि लॅटिनमध्ये 'आपण सावल्या आहोत' असं कोरलंय. फ्रान्समधून जीव वाचवून पळालेल्या प्रोटेस्टंटांनी ही वास्तू प्रार्थनेसाठी बांधली. मग तिथे मेथॉडिस्ट हा दुसरा ख्रिस्ती पंथ आला. १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झालं, १९७६ मध्ये बंगाली मुसलमानांची मशीद. विटा त्याच. ज्यूंबद्दलची तक्रार काय होती? गर्दी करतात, कमी मजुरीत राबतात, भाडी वाढवतात, गुन्हे करतात. त्यांना आवरायला १९०५ मध्ये कायदाही झाला. हे सगळं एकदा कळलं की उसासा घशातच अडकतो, म्हणून सांगतोय, मान खालीच ठेवा.

खाली ठेवल्यावर फोन मात्र सांभाळा. ही थट्टा नाही. इलेक्ट्रिक सायकलवरून तोंड झाकलेला पोरगा येतो, नकाशा बघणाऱ्या हातातला फोन उचलतो, आणि आपण रिकामी मूठ कानाशी नेतो. २०२४ मध्ये सुमारे ८० हजार फोन असे ना तसे चोरीला गेले. पोलीस तक्रारीचा नंबर देतात, विम्याला उपयोगी पडतो. चोराचा चेहरा दिसला नसला तरी त्याचा धर्म आणि देश तुम्हाला लगेच कळला पाहिजे. खुनांचं मात्र विचारू नका. २००३ मध्ये शहरात दोनशेच्या आसपास खून झाले होते, आता आकडा त्याच्या निम्म्यावर आलाय. असल्या माहितीने गप्पांचा विचका होतो.

मशिदीपासून थोड्या अंतरावर एक बाग आहे, अल्ताब अलीच्या नावाची. कपड्याच्या कारखान्यातला हा बांगलादेशी कामगार ४ मे १९७८ च्या संध्याकाळी घरी निघाला होता. तीन पोरांनी त्याला बागेलगतच्या रस्त्यावर भोसकलं, बाहेरचा म्हणून. रस्ते असुरक्षित झाल्याची चर्चा त्या बागेत बसून करू नये, एवढंच.

आणि घरी आल्यावर भाच्याला व्हिसाचं विचारू नका. कायम राहण्याच्या परवान्यासाठीची पाच वर्षं दहा करायचं तिथल्या सरकारने मे २०२५ मध्ये काढलं, तेव्हापासून त्याची झोप उडालीय.

'आम्ही टॅक्स भरतो, मामा,' तो म्हणतो. 'हे सगळं बाहेरच्यांसाठी होतं ना?'