वॉर्ड आणि ऑफिस: जमवून घेण्याची पथ्यं

मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात नव्यानं रुजू होताय? मग एमबीबीएसला न शिकवलेला धडा आधी गिरवा: ऑफिसशी जमवून कसं घ्यावं.

तुम्ही डॉक्टर असाल तर इंडेंट, म्हणजे स्टोअरकडं औषधांचं मागणीपत्र, औषध संपल्यावरच पाठवा आणि वर लाल शाईनं 'तातडीचे' लिहा. प्रत्येकावर लिहा, म्हणजे स्टोअरवाल्याला त्या शब्दाची सवय होईल. तुम्ही प्रशासकीय अधिकारी असाल तर कागद एका दमात तपासू नका. आधी सही नाही म्हणून परत पाठवा, मग शिक्का नाही म्हणून, मग 'दरकरार आहे काय, खुलासा करावा' म्हणून. शेवटी डॉक्टर ओपीडीची रांग सोडून स्वतः जिना उतरून येतो. तेवढीच भेट होते.

एरवी भेटून बोलणं दोघांनीही टाळावं. दहा पावलांवरच्या केबिनला पत्र लिहावं, खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून डीनपासून कलेक्टरपर्यंत सगळे घ्यावेत. तोवर पेशंटचा भाऊ चिठ्ठी घेऊन गेटबाहेरच्या मेडिकलवर उभा असतो. "भाऊ, हे उधारीवर भेटंल का?" त्याची नोंद ना आवकमध्ये, ना जावकमध्ये. त्यामुळे त्रुटी निघत नाही.

मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची मंजुरी अडकली तर दोघांनी मिळून आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाकडं, बोट दाखवावं. (एकमत होतं ते इथंच.)

इतकं करूनही जमलं नाही तर वरचे येतात जमवून द्यायला. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयातली बातमी आली: २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. औषधांचा तुटवडा की मनुष्यबळाचा, यावर वाद सुरू असतानाच एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करून घेतला. रिक्त पदं कशी भरायची आणि खरेदी वेळेत कशी करायची, यापेक्षा हे फार सोपं; टेंडरसुद्धा लागत नाही.

आणि मंत्र्यांचा दौरा ठरला, की वॉर्ड-ऑफिसचा दिलजमाईचा सोहळा बघाच. त्या सकाळी प्रत्येक खाटेवर कोरी चादर येते, बंद पडलेला पंखा फिरतो, इंडेंटशिवाय सलाईन वर चढतं. कुठून आलं हे विचारून रंगाचा बेरंग करू नका. दुपारी ताफा गेटबाहेर पडला, की स्टोअरवाला वर येतो, चादरी मोजतो आणि इन्चार्ज सिस्टरची सही घेऊन परत नेतो.